क्रमांक आणि नाव : झाम्यातिन, चापेक व रवींद्रनाथ यांचे दुःस्वप्नलोक (१९२०–१९२६)

१

'यूटोपिया' हा शब्द टॉमस मोर याने १५१६ साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकासाठी घडविला. त्याच्या विरुद्ध अर्थाचे विशेषण जॉन स्टुअर्ट मिल याने १८६८ साली ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयक चर्चेत योजले. परंतु 'डिस्टोपिया' ही एका साहित्यप्रकाराची संज्ञा म्हणून रूढ होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. प्रस्तुत निबंधात या प्रकारासाठी 'दुःस्वप्नलोक' ही संज्ञा योजिली आहे. ज्या समाजात सुव्यवस्था हीच बंदिवासाचे साधन बनते आणि मनुष्याच्या सुखाची हमी देणारी योजनाच त्याचे मनुष्यत्व हिरावून घेते, अशा समाजाचे कल्पित चित्र म्हणजे दुःस्वप्नलोक, असा मर्यादित अर्थ येथे अभिप्रेत आहे.

या प्रकाराचा इतिहास बहुधा एका ठरावीक वंशवृक्षाच्या आधारे सांगितला जातो. ऑल्डस हक्सलेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) आणि जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) हे त्याचे दोन मुख्य स्तंभ. रे ब्रॅडबरी आणि मार्गारेट ॲटवुड ही त्यांची पुढची पिढी. आणि येवगेनी झाम्यातिन हा पूर्वसूरी. ऑर्वेलने झाम्यातिनच्या कादंबरीचे परीक्षण जानेवारी १९४६ मध्ये 'ट्रिब्यून' या साप्ताहिकात लिहिले होते, त्यामुळे हा वंशवृक्ष कागदोपत्री पुराव्याने भक्कमही झालेला आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा, की भारतीय भाषांतील साहित्य या प्रकाराच्या संदर्भात केवळ ग्राहकाच्या भूमिकेत उभे राहते. प्रकार युरोपात जन्मला, इंग्रजीतून प्रवास करीत आला आणि येथील लेखकांनी तो उशिरा स्वीकारला, असे गृहीत धरले जाते.

या गृहीतकाला छेद देणाऱ्या तारखा सर्वांसमोर आहेत. झाम्यातिनने 'आम्ही' ही कादंबरी १९२०–२१ मध्ये पेत्रोग्राद येथे लिहिली. कारेल चापेकचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले व २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगभूमीवर आले. रवींद्रनाथ ठाकूर यांचे 'मुक्तधारा' १९२२ साली 'प्रवासी' मासिकात प्रसिद्ध झाले. 'रक्तकरबी' १९२३ मध्ये शिलाँग येथे लिहिले गेले, १९२४ मध्ये 'प्रवासी'त आले आणि १९२६ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. हक्सलेची कादंबरी अद्याप लिहिली जायची होती, तेव्हा तीन भाषांत, तीन निरनिराळ्या राजकीय परिस्थितींत, एकच प्रश्न विचारला गेला होता : मनुष्याचे नाव पुसून त्या जागी क्रमांक, वर्ग किंवा किंमत लिहिली तर काय उरते?

या तीन लेखकांमध्ये परस्परप्रभाव होता असे येथे म्हणावयाचे नाही. रवींद्रनाथ जून १९२१ मध्ये, म्हणजे 'आर. यू. आर.'च्या पहिल्या प्रयोगानंतर काही महिन्यांतच, प्रागला गेले होते हे खरे. परंतु केवळ एवढ्यावरून प्रभावाचा निष्कर्ष काढणे तौलनिक अभ्यासाच्या शिस्तीत बसत नाही. येथे तुलनेचा आधार आहे तो समान परिस्थितीतून स्वतंत्रपणे उगवलेल्या समांतर रूपांचा.

२

झाम्यातिन हा व्यवसायाने नौकाशिल्पी अभियंता होता. १९१६–१७ या काळात तो इंग्लंडमध्ये न्यूकासल येथे रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांच्या कामावर देखरेख करीत होता. इंग्रज मध्यमवर्गाच्या वेळापत्रकबद्ध जीवनावर त्याने 'बेटवासी' ही उपरोधिक दीर्घकथा लिहिली. ही बाब महत्त्वाची आहे. 'आम्ही' ही केवळ बोल्शेव्हिक राजवटीवरची टीका आहे असा समज तिच्या नंतरच्या बंदीमुळे दृढ झाला. प्रत्यक्षात तिची बीजे इंग्लंडच्या गोदीत आणि पाद्र्याच्या घड्याळातही आहेत.

कादंबरीतील 'एकमेव राज्या'त माणसांना नावे नाहीत. पुरुषांना व्यंजन आणि विषम संख्या, स्त्रियांना स्वर आणि सम संख्या. निवेदक डी-५०३ हा 'इंटिग्रल' या अंतराळयानाचा मुख्य रचनाकार आहे. घरे काचेची आहेत, पडदे ओढण्याची परवानगी केवळ शरीरसंबंधासाठी नेमून दिलेल्या तासाला मिळते आणि त्यासाठी गुलाबी चिठ्ठी लागते. 'तासांचा तक्ता' सर्वांचे उठणे, जेवणे, फिरणे ठरवितो; प्रत्येक घास ५० वेळा चावावयाचा असतो. प्राचीन साहित्याचा सर्वश्रेष्ठ ठेवा म्हणून तेथे रेल्वेच्या वेळापत्रकाचा गौरव होतो आणि प्राचीन विचारवंतांत श्रेष्ठ मानला जातो तो फ्रेडरिक टेलर.

टेलरचा उल्लेख हा विनोद म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्याचा 'शास्त्रीय व्यवस्थापना'वरील ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजावयाची, निरर्थक हालचाली काढून टाकावयाच्या आणि कामाचा विचार कामगाराकडून काढून व्यवस्थापकाकडे सोपवावयाचा, हे त्या पद्धतीचे सार. भांडवलशाही अमेरिकेत जन्मलेली ही पद्धत अभ्यासून अंगीकारावी, असे लेनिनने १९१८ साली प्रतिपादिले. कवी आणि कामगार-संघटक अलेक्सेई गास्तेव याने तर १९१९ साली, नव्या श्रमिक संस्कृतीत व्यक्तीची ओळख अक्षराने वा आकड्याने करता येईल, अशी कल्पना स्वागतशील स्वरात मांडली; पुढच्याच वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली मॉस्कोमध्ये 'केंद्रीय श्रमसंस्था' उभी राहिली. झाम्यातिनने कल्पना केली ती एवढीच, की कारखान्याच्या आठ तासांना लागू असलेली शिस्त उरलेल्या सोळा तासांनाही लागू झाली आहे.

या राज्याचा पायाही लक्षात घेतला पाहिजे. शहर आणि खेडे यांच्यात झालेल्या दोनशे वर्षांच्या युद्धानंतर ते स्थापन झाले. शहराने खेड्यावर विजय मिळविला, अन्न खनिज तेलापासून बनू लागले आणि नगराभोवती 'हिरवी भिंत' उभी राहिली. भिंतीपलीकडे वनस्पती, पशू आणि केसाळ शरीरांची माणसे आहेत. दुःस्वप्नलोकाच्या उगमाशी शेतीचा पराभव आहे, हे सूत्र पुढे वेगळ्या रूपात रवींद्रनाथांकडे आढळते.

३

चापेकच्या नाटकाने जगाला 'रोबो' हा शब्द दिला. तो कारेलचा भाऊ, चित्रकार योसेफ चापेक, याने सुचविला. चेक भाषेतील 'रोबोता' या शब्दाचा अर्थ जमीनदारासाठी करावी लागणारी सक्तीची मेहनत, म्हणजेच वेठ. हॅब्सबर्ग साम्राज्यात ही वेठ १८४८ साली कायद्याने रद्द झाली. चापेकच्या प्रेक्षकांच्या आजोबा-पणजोबांच्या आठवणीत ती जिवंत होती. मराठीत रूढ झालेला 'यंत्रमानव' हा प्रतिशब्द या दृष्टीने दिशाभूल करणारा आहे. एक तर चापेकचे रोबो धातूचे नाहीत. ते एका कृत्रिम जीवद्रव्यापासून तयार होतात आणि दिसावयास माणसासारखेच असतात. दुसरे, मूळ शब्दात यंत्राचा निर्देशच नाही, आहे तो श्रमसंबंधाचा. 'वेठबिगार' हा शब्द मुळाच्या अधिक जवळ जातो.

नाटकातील रॉसम या आडनावात चेक भाषेतील 'बुद्धी' या अर्थाचा शब्द ध्वनित होतो. थोरला रॉसम ईश्वराची गरज नाही हे सिद्ध करण्यासाठी मनुष्य निर्माण करू पाहतो. धाकटा रॉसम अभियंता असल्यामुळे त्याला मनुष्याच्या रचनेत अनावश्यक भाग फार आढळतात. आनंद, संगीत, फिरावयास जाण्याची इच्छा हे सर्व वगळले की उरतो तो आदर्श कामगार. हीच टेलरची पद्धत. फक्त हालचालींऐवजी ती शरीराच्या अंतर्रचनेला लावलेली आहे.

येथे रोबोंना नावे आहेत : मारियस, सुला, रेडियस. परंतु ती नावे यादीतून घेतलेली आहेत. मारियस आणि सुला हे रोमन सेनानी होते याची कारखान्याच्या लोकांना गंधवार्ता नाही. सुला हे पुरुषाचे नाव एका स्त्री-रोबोला दिलेले आहे. पहिल्याच प्रवेशात हेलेना ग्लोरी सुलाला माणूस समजते आणि कारखान्याच्या अधिकाऱ्यांना रोबो. प्रेक्षक हसतात, आणि त्या हसण्यातच नाटकाचा मुख्य प्रश्न मांडला जातो : नाव, चेहरा आणि वाणी या तिन्ही खुणा असूनही मनुष्यत्व सिद्ध होत नाही, मग ते कशाने सिद्ध होते?

'आर. यू. आर.'मध्ये कोणी हुकूमशहा नाही हे त्याचे वैशिष्ट्य. व्यवस्थापक डोमिनला खरोखरच मनुष्यजातीला श्रमातून मुक्त करावयाचे आहे. भागधारकांना नफा हवा आहे, ग्राहकांना स्वस्त माल हवा आहे, सरकारांना सैनिक हवे आहेत. प्रत्येकाची मागणी स्वतंत्रपणे समजण्याजोगी आहे आणि सर्वांची बेरीज सर्वनाशात होते. मनुष्यांना मुले होणे थांबते, रोबो बंड करतात आणि फक्त आल्क्विस्ट हा बांधकाम-प्रमुख वाचतो. तो रोबोंप्रमाणे हातांनी काम करतो, एवढ्याच कारणाने. नियंत्रण कोणा एकाच्या हातात नसूनही सर्वांना ग्रासते, हा विचार चापेकने १९२० मध्ये मांडला हे विशेष.

४

रवींद्रनाथांच्या दोन नाटकांकडे वळताना वसाहतीचा संदर्भ प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. पेत्रोग्राद आणि प्राग येथे कारखाना हे श्रमशिस्तीचे प्रतीक होते. हिंदुस्थानात त्याच्या जोडीला मळा, खाण आणि धरण होते. गिरमिटी पद्धतीने फिजी, मॉरिशस, त्रिनिदाद येथे गेलेल्या प्रत्येक मजुराच्या नावे क्रमांकित परवाना असे. या पद्धतीची चौकशी करण्यासाठी रवींद्रनाथांचे निकटचे सहकारी सी. एफ. अँड्र्यूज १९१५ व १९१७ साली फिजीला गेले होते. मे १९२१ मध्ये आसाम-सीमेवरील चारगोला खोऱ्यातील चहामळ्यांचे हजारो मजूर मळे सोडून निघाले आणि चांदपूर येथे त्यांच्यावर गुरखा शिपायांनी हल्ला केला; तेथेही अँड्र्यूज मदतीसाठी धावून गेले. 'रक्तकरबी' ज्या शिलाँगमध्ये लिहिले गेले ती त्या वेळी आसाम प्रांताची राजधानी होती.

धरणाच्या बाबतीत महाराष्ट्राचा दाखला याच वर्षांतला आहे. मुंबईच्या गिरण्यांना व शहराला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी पेट्यात बांधावयास घेतलेल्या धरणाविरुद्धचा सत्याग्रह एप्रिल १९२१ मध्ये सुरू झाला आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२४ पर्यंत चालला. 'मुक्तधारा' याच काळातले. नाटकाचा रोख मुळशीवर होता असे नव्हे. परंतु धरण म्हणजे निव्वळ अभियांत्रिकी कृती नसून पाण्यावरील आणि त्यायोगे माणसांवरील सत्ता आहे, हे भान त्या वर्षांच्या हवेतच होते.

'मुक्तधारा'त उत्तरकूटचा राजा रणजित, करभरणा न करणाऱ्या शिवतराईच्या प्रजेला वठणीवर आणण्यासाठी, मुक्तधारा या प्रवाहावर बांध घालवितो. यंत्रराज विभूतीने तो बांधला आहे. यंत्राचा मनोरा आकाशात भैरवमंदिराच्या त्रिशूळाहून उंच गेला आहे. अंबा नावाची एक आई आपल्या सुमनला शोधीत सर्वत्र फिरते. बांधाच्या कामावर धरून नेलेल्या तरुणांपैकी तो एक. शाळामास्तर मुलांना शिवतराईच्या लोकांविषयी तुच्छता पाठ करवून घेतो. यंत्र, सक्तीचा श्रम आणि शाळा ही नियंत्रणाची तीन अंगे येथे एकाच रस्त्यावर एकामागून एक दिसतात. अखेरीस युवराज अभिजित बांधाच्या कच्च्या जागी घाव घालून प्रवाह मोकळा करतो आणि स्वतः त्यात वाहून जातो.

'रक्तकरबी'तील यक्षपुरीत माणसे जमिनीखाली सोने खणतात. गावाकडे परतण्याची वाट नाही. फागुलाल हा '४७ फ' आहे, विशू हा '६९ ङ'. वस्त्यादेखील वर्णमालेतील अक्षरांनी ओळखल्या जातात. राजा जाळीच्या आड राहतो. त्याचा आवाज ऐकू येतो, तो दिसत नाही. कारभार सरदार पाहतात. मजुरांवर नजर ठेवण्यासाठी मोडल म्हणजे मुकादम आहेत, मन शांत करण्यासाठी गोसाई आहे, थकवा विसरण्यासाठी दारू आहे, आणि या सर्वांचा अर्थ लावीत बसलेला अध्यापकही आहे. धर्म, मद्य आणि ज्ञान ही तिन्ही येथे व्यवस्थेच्या सेवेत आहेत. हक्सलेच्या 'सोमा' गोळीशी तुलना करावयाची तर ती या दारूशी आणि गोसाईच्या उपदेशाशी एकत्रित करावी लागेल.

झाम्यातिनच्या डी-५०३ आणि रवींद्रनाथांच्या ६९ ङ यांतील बाह्य साम्य चकित करणारे आहे. दोन्हींत अक्षर आणि संख्या यांची जोडणी आहे. तेव्हा रशियनमध्ये 'आम्ही' छापलीच गेली नव्हती. तिचे पहिले मुद्रण झाले ते ग्रेगरी झिल्बुर्ग यांच्या इंग्रजी अनुवादाचे, न्यूयॉर्क येथे १९२४ साली. 'रक्तकरबी'चा पहिला खर्डा त्यापूर्वीचा. म्हणजे हे साम्य उसनवारीचे नाही. दोन्ही लेखकांनी ते एकाच ठिकाणाहून उचलले होते : हजेरीपटावरून.

५

साम्याइतकेच भेदही बोलके आहेत. पहिला भेद क्रमांकाविषयीच्या जाणिवेचा. डी-५०३ ला आपला क्रमांक भूषणास्पद वाटतो. 'मी' हा शब्दच त्याला आजारासारखा भासतो. त्याच्यात आत्मा उत्पन्न झाल्याचे निदान वैद्य करतात, ते रोगनिदान म्हणूनच. चापेकच्या रोबोंना आरंभी 'मी' नाही आणि तो कोणी हिरावूनही घेतलेला नाही. तो घडविताना वगळलेला आहे. विशू आणि फागुलाल यांना मात्र आपण पूर्वी कोण होतो हे पक्के आठवते. त्यांच्या बोलण्यात गावाचा, बायकोचा, सणांचा उल्लेख वारंवार येतो. युरोपीय दुःस्वप्नलोकात स्मृती नष्ट झालेली आहे किंवा कधी नव्हतीच. वसाहतीतील दुःस्वप्नलोकात ती शाबूत आहे आणि म्हणूनच वेदना अधिक आहे. मजूर कालपर्यंत शेतकरी होता, हे यामागचे ऐतिहासिक कारण.

दुसरा भेद निवेदनाच्या जागेचा. झाम्यातिन व्यवस्थेच्या रचनाकाराच्या रोजनिशीतून बोलतो. चापेकचे नाटक मालकांच्या दिवाणखान्यात घडते. बंड खिडकीतून दिसते. रवींद्रनाथ खाणीच्या तोंडाशी, जाळीच्या बाहेर, मजुरांच्या वस्तीलगत रंगभूमी उभारतात. सत्ता वरून कशी दिसते, आतून कशी दिसते आणि खालून कशी दिसते, ही तीन दृश्ये एकत्र ठेवल्याखेरीज या काळाचे चित्र पुरे होत नाही.

तिसरा भेद नियंत्याच्या स्वरूपाचा. 'एकमेव राज्या'चा 'उपकारकर्ता' शांत आणि निःशंक आहे. चापेककडे नियंत्याची जागाच रिकामी आहे. यक्षपुरीचा राजा मात्र थकलेला आहे. अफाट सामर्थ्य असूनही त्याला नंदिनीच्या हातातील फुलाचा हेवा वाटतो. आपल्याच कारभाऱ्यांनी आपल्याला फसविले आणि आपलेच यंत्र आपल्याला जुमानीत नाही हे त्याला कळते, तेव्हा रंजनचा मृत्यू त्याच्याच हातून झालेला असतो. मग तो स्वतःचा ध्वजदंड मोडून नंदिनीबरोबर आपल्याच व्यवस्थेविरुद्ध निघतो. या परिवर्तनात भोळा आशावाद दिसतो असा आक्षेप घेता येईल. परंतु राजा फितूर झाल्यावरही सरदारांचे सैन्य थांबत नाही, हे विसरता येत नाही. सत्ताधीशाचे हृदयपरिवर्तन झाले तरी व्यवस्था चालूच राहते. तिला आता राजाची गरज उरलेली नाही. या बिंदूवर रवींद्रनाथ चापेकच्या फार जवळ येतात.

६

तिन्ही कृतींत व्यवस्थेला तडा जातो तो स्त्रीमुळे, ही गोष्ट योगायोगाची नाही, आणि पूर्णतः समाधानकारकही नाही. आय-३३० ही संघटित क्रांतिकारक आहे, ओ-९० ही विनापरवाना मातृत्व पत्करणारी आहे, हेलेना ही करुणेपोटी अनर्थ ओढवून घेणारी आहे, आणि नंदिनी ही आनंदाच्या स्वाभाविक हक्काने जाळीवर थाप मारणारी आहे. स्त्री म्हणजे निसर्ग आणि पुरुष म्हणजे यंत्र, ही जुनी वाटणी तिघेही कमी-अधिक प्रमाणात स्वीकारतात. तिला ओलांडण्याचा प्रयत्न सर्वांत अधिक झाम्यातिनने आय-३३० च्या रूपाने केला. आणि तिचाच शेवट सर्वांत क्रूर आहे. डी-५०३ ची कल्पनाशक्ती शस्त्रक्रियेने काढून टाकली जाते आणि तिचा छळ तो निर्विकारपणे पाहतो.

असे असले तरी तिन्ही शेवटांमध्ये एक सूत्र समान आहे, आणि या तुलनेतून हाती लागणारा मुख्य मुद्दा तोच. ओ-९० भिंतीपलीकडे जाते. तिचे मूल क्रमांकाशिवाय जन्मेल. 'आर. यू. आर.'च्या अखेरीस प्राइमस आणि हेलेना हे दोन रोबो एकमेकांसाठी मरावयास सिद्ध होतात, तेव्हा आल्क्विस्ट त्यांना आदम आणि ईव्ह म्हणून निरोप देतो. यादीतून मिळालेले नाव गळून पडते आणि दुसऱ्या माणसाने ओळखून दिलेले नाव मिळते. 'रक्तकरबी'त नंदिनी विशूला आरंभापासूनच 'वेडा' अशा लाडक्या नावाने हाक मारते, क्रमांकाने कधीच नाही. आणि अखेरीस फागुलाल व विशू तिच्या नावाचा जयघोष करीत लढ्याला निघतात. मनुष्यत्वाचे लक्षण बुद्धी, श्रम किंवा दुःख सोसण्याची शक्ती हे नसून कोणीतरी हाक मारणे आणि त्या हाकेला ओ देणे हे आहे, असे तिघेही आपापल्या परीने सांगतात.

७

'रक्तकरबी'ला दुःस्वप्नलोक म्हणण्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की ते प्रतीकनाट्य आहे. त्यात भविष्यकाळ नाही आणि तंत्रविज्ञानाचा तपशीलही नाही. रवींद्रनाथांनी स्वतः त्याची सांगड रामायणाशी घातली. शेतीवर जगणारी 'कर्षणजीवी' संस्कृती आणि ओढून घेण्यावर जगणारी 'आकर्षणजीवी' संस्कृती यांचा संघर्ष त्यांनी सीता व रावण यांच्या कथेत पाहिला. पण भविष्यकाळ हे या प्रकाराचे वेष्टन आहे, गाभा नव्हे. गाभा आहे तो हिशेबी व्यवस्थेचा. मिथक भूतकाळातले म्हणून नाटक भूतकाळात जात नाही. उलट रावणाच्या लंकेत हजेरीपट आणि मुकादम आणून बसविल्यामुळे मिथकच वर्तमानात येते.

दुसरा आक्षेप असा, की रवींद्रनाथांचा रोख यंत्रविरोधी आहे आणि म्हणून तो पूर्व-आधुनिक आहे. चरित्रातील नोंदी याला पुष्टी देत नाहीत. 'मुक्तधारा' लिहून होताच, फेब्रुवारी १९२२ मध्ये, लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने त्यांनी सुरूल येथे ग्रामपुनर्रचनेचे केंद्र सुरू केले, तेच पुढचे श्रीनिकेतन. तेथे शास्त्रीय शेतीला अग्रस्थान होते. पुत्र रथींद्रनाथ यांना त्यांनी शेतीशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पाठविले होते. सप्टेंबर १९२५ मध्ये 'मॉडर्न रिव्ह्यू'त त्यांनी चरख्याच्या पंथावर टीका केली. 'मुक्तधारा'तील बांध फुटतो तो तो यंत्र आहे म्हणून नव्हे, तर तो तहानेचा उपयोग शिक्षेसारखा करतो म्हणून. झाम्यातिन आयुष्यभर अभियंता राहिला. चापेकलाही विज्ञानाचा तिरस्कार नव्हता. तिघांचाही विरोध साधनाला नसून, साधनाच्या सोयीसाठी माणूस कापून लहान करण्याला आहे.

८

या कृतींचे पुढचे भवितव्यही तुलनेचा भाग आहे. १९२३ मध्ये 'आर. यू. आर.', १९२४ मध्ये 'आम्ही' आणि १९२५ मध्ये 'रेड ओलिअँडर्स' या नावाने 'रक्तकरबी', अशा तिन्ही कृती लागोपाठच्या तीन वर्षांत इंग्रजी ग्रंथरूपात उपलब्ध झाल्या. पहिली जगभर गाजली. दुसरी हक्सले-ऑर्वेल यांच्या निमित्ताने पुन्हा वाचली गेली. तिसरी इंग्रजी वाचकाने गूढवादी कवीचे रूपक म्हणून बाजूला ठेवली. बंगाली रंगभूमीवर मात्र शंभू मित्र यांच्या 'बहुरूपी' संस्थेने १९५४ साली तिचा प्रयोग करून तिच्यातील सामाजिक आशय उजळून दाखविला. सत्यजित राय यांच्या 'हीरक राजार देशे' (१९८०) या चित्रपटातील हिऱ्यांची खाण, मेंदू धुणारे यंत्र, बंद पाडलेली शाळा आणि अखेरीस स्वतःचाच पुतळा ओढून पाडणारा राजा यांची नाळ यक्षपुरीशी जुळते. मंजुळा पद्मनाभन यांच्या 'हार्वेस्ट' (१९९७) या इंग्रजी नाटकात मुंबईच्या एका खोलीतील कुटुंब दूरच्या श्रीमंत ग्राहकाला शरीराचे अवयव विकते; तेथे नियंता पुन्हा दिसेनासा झालेला आहे आणि फक्त पडद्यावरून बोलतो. ही परंपरा हक्सले-ऑर्वेलच्या वंशवृक्षावर फांदी म्हणून दाखविता येत नाही. तिला स्वतःचे मूळ आहे.

सप्टेंबर १९३० मध्ये रवींद्रनाथ सोव्हिएत रशियात गेले. तेथील शिक्षणप्रसाराने ते भारावले. परंतु 'इझ्वेस्तिया'ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी, मनांना द्वेषाचे शिक्षण देणे आणि मतभेदाला जागा न ठेवणे यांतील धोका स्पष्टपणे सांगितला. ती मुलाखत तेव्हा छापली गेली नाही. पुढच्याच वर्षी झाम्यातिनने स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मिळविली; १९३७ साली पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. त्याची कादंबरी सोव्हिएत संघात प्रथम प्रकाशित झाली १९८८ मध्ये. रवींद्रनाथांची मुलाखत 'इझ्वेस्तिया'ने छापली तीही १९८८ मध्येच. जे दोन लेखक एकमेकांना भेटले नाहीत, त्यांच्या शब्दांना एकाच दरवाजाबाहेर जवळजवळ सारखाच काळ थांबावे लागले.

एकविसाव्या शतकात माणसाच्या नावापुढे क्रमांक लागणे ही अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. शिधा, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती यांचा हक्क क्रमांकामुळेच सिद्ध होतो आणि क्रमांक नसलेला माणूस अनेकदा हक्काबाहेर राहतो. म्हणून क्रमांक म्हणजे दुःस्वप्न, एवढे सोपे समीकरण या तीन लेखकांच्या नावावर मांडणे योग्य नव्हे. त्यांनी विचारलेला प्रश्न अधिक नेमका होता : नोंद करणाऱ्याला नोंदलेल्या माणसाची हाक ऐकू येते काय? पेत्रोग्राद, प्राग आणि शिलाँग येथे तो जवळजवळ एकाच वेळी विचारला गेला. दुःस्वप्नलोकाचा इतिहास लिहिताना या तिन्ही स्थळांना समान अंतरावरून पाहणे, हे तौलनिक साहित्याभ्यासाचे कर्तव्य ठरते.